कोणाला विचारलं नाही

“यातला एक कागद घरी बसून तयार केलेला आहे,” ठकार बाई म्हणाल्या. “कुठला ते शोधा. मला घाई नाही.”

टेबलावर सहा कागद होते. नावाची कडा मागे दुमडलेली. घाई मलाही नव्हती, कारण तो कागद माझा होता.

आम्ही संख्याशास्त्राच्या एम. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. वर्गात तेवीस जण. आठवड्यापूर्वी बाईंनी सांगितलं होतं, एसटी स्टँडवर जा, चाळीस प्रवाशांना विचारा, किती वेळ झाला थांबून, आणि सरासरी काढून आणा. मी स्टँडवर गेलो नाही. होस्टेलच्या खोलीत पंख्याखाली बसून मी चाळीस प्रवासी जन्माला घातले आणि त्यांना थांबवून ठेवलं. काम मन लावून केलं होतं. कुणाला सतरा मिनिटं, कुणाला तेवीस, कुणाला एकेचाळीस. एका गृहस्थाला तर मी चोपन्न मिनिटं ताटकळत ठेवलं. सत्य नेहमी वेडंवाकडं असतं, गोल आकडे खोटे वाटतात, अशी माझी समजूत होती.

शेजारी बसलेला इरफान शिकलगार माझ्या कानाशी आला.

“लगा, तिसऱ्या कागदावरचा सात ओळखीचा वाटतोय.”

“गप बस.”

“नाही, लई देखणा सात आहे. असा सात स्टँडवर उभं राहून निघत नाही.”

माझं अक्षर वर्गात सगळ्यात सुंदर होतं. त्याचा असा उपयोग होईल असं प्राथमिक शाळेतल्या गुरुजींना वाटलं नसणार.

सगळे टेबलाभोवती जमले. कुणी सरासऱ्या ताडून पाहिल्या, कुणी फळ्यावर आलेख काढला. अर्धा तास गेला. मग शैलजा तोडकर पुढे आली. ती रोज एसटीने दीड तास प्रवास करून येई, आणि त्या दिवसापर्यंत तिचा वर्गात आवाज कुणी ऐकला नव्हता. तिने तिसरा कागद उचलला.

“मॅडम, हा.”

“कशावरून?”

“यात कुणी अर्धा तास थांबलेलंच नाही.”

बाई काही बोलल्या नाहीत. त्या गप्प राहिल्या की पुढे सांगायचं असतं, हे आम्हाला एव्हाना कळलं होतं.

“स्टँडवरचं माणूस सतरा मिनिटं म्हणत नाही, मॅडम. घड्याळ कुणाकडं असतंय? ‘पाचेक मिनिटं झाली असतील’ म्हणतं, नाहीतर ‘अर्धा तास झाला बघा’ म्हणतं. बाकीच्या पाची कागदांत पाच, दहा, पंधरा, अर्धा तास, तास, असंच आहे. खरोखर थांबलेलं माणूस नेमका आकडा सांगत नाही.”

“बरोबर,” बाई म्हणाल्या. “कागद कुणाचा ते मी विचारणार नाही. ज्याचा आहे त्याने चाळीस माणसांना विचारून यावं.”

विचारायची गरजही नव्हती. बावीस जण माझ्याकडे बघत होते.

मी आमच्या तालुक्याच्या कॉलेजात तिन्ही वर्षं पहिला आलो होतो. गावात वडिलांनी मला परस्पर प्रोफेसर करून टाकलं होतं. फक्त नेमणूक व्हायची बाकी होती. आणि इथे एका बाईने भर वर्गात, माझं नावसुद्धा न घेता, माझा पंचनामा केला होता. शिक्षकाने विद्यार्थ्याला सांभाळून घ्यावं, विद्यार्थ्याने शिक्षकाला, असा जो अलिखित करार असतो तो त्यांनी मोडला असं माझं प्रामाणिक मत झालं.

तो करार बघायचा तर आमचे विभागप्रमुख रणनवरे सर. सर बावीस वर्षं एकाच वहीतून नोट्स सांगत. आमच्याकडे त्या नोट्सची अठ्ठ्याहत्तर सालची प्रत होती, एका पिढीकडून दुसरीकडे आलेली. तिच्यात सरांचे विनोदसुद्धा उतरवलेले होते, समासात ‘येथे हशा’ अशी नोंद करून. सर त्या जागी थांबत, आम्ही वहीत बघून हसत असू, सर समाधानाने पान उलटत. परीक्षेत तेच प्रश्न येत. कुणाची फसवणूक होत नव्हती.

ठकार बाई पुण्याकडून आल्या होत्या, एकट्या, दोन वर्षांच्या प्रोबेशनवर. मार्चमध्ये त्यांना कायम करायचं की घरी पाठवायचं, ते ठरायचं होतं. अशा बाईने जरा जपून राहावं, तर त्या नोट्स सांगत नसत. उत्तर बरोबर आहे की चूक तेही सांगत नसत. वर्गाला विचारत. आणि कुणी काहीही करून आणलं, तरी त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे.

“कोणाला विचारलं नाहीस?”

शिकलगार त्यांची नक्कल करायचा. कँटीनमध्ये वडा खाऊन ‘चांगला आहे’ म्हटलं की तो चष्मा नाकावर ओढल्यासारखं करून म्हणे, “कोणाला विचारलं नाहीस? बटाट्याला विचारलंस का?”

मी स्टँडवर गेलो. सूड म्हणूनच गेलो. चाळीस सांगितले होते, मी साठ विचारणार होतो.

पहिलीच म्हातारी म्हणाली, “कवाधरनं बसलीया बघ. तुझं काय जातंय?”

“आजी, आकडा सांगा की काहीतरी.”

“तूच लिही. शिकलेला दिसतोस.”

मी ‘एक तास’ लिहिलं आणि मग खोडलं. तोवर असं काही खोडायची मला सवय नव्हती. तीन दिवस मी तिथे होतो. सगळेच अर्धा तास, तास, दीड तास सांगत होते. तोडकरचं बरोबर होतं, याचा मला फार राग आला. तिसऱ्या दिवशी एक गाडी फलाटाला लागत होती आणि एक माणूस रस्त्यावरून पळत आला. मी वही घेऊन त्याच्याबरोबर पळालो.

“किती वेळ थांबलात?”

“थांबलोय कुठं? सरक की बाजूला!” तो म्हणाला आणि दांडीला लोंबकळून निघून गेला.

मी तिथेच उभा राहिलो. साठ माणसांत असा एकही माणूस माझ्या वहीत नव्हता. येणारच नव्हता. जो आला आणि लगेच गेला, तो मला भेटणार कसा? मला भेटत होते ते थांबलेले, आणि जितका जास्त थांबलेला तितका जास्त वेळ तो माझ्या तावडीत. मी फलाटावर मोठ्याने काहीतरी बोललो असणार, कारण शेंगावाल्याने माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तास सुरू व्हायच्या आधी मी बाईंना गाठलं. उभ्या उभ्या सांगायला लागलो. मी बोलत असताना त्या पहिल्या बाकावर बसल्या, विद्यार्थ्यांच्या.

“पुन्हा सांग,” त्या म्हणाल्या.

मी पुन्हा सांगितलं.

“म्हणजे तुझी सरासरी?”

“जास्त येतेय, मॅडम. खरी कमी असणार.”

“किती कमी?”

“माहीत नाही.”

“छान,” बाई म्हणाल्या.

सोळा वर्षांच्या शिक्षणात ‘माहीत नाही’ला छान म्हणणारा पहिला माणूस मला भेटला होता. मी बाहेर जाऊन विनाकारण पाण्याच्या टाकीला एक चक्कर मारली.

त्यानंतर वर्गाला काय झालं ते सांगणं अवघड आहे. दिवाळीपर्यंत लोक शिव्या देत होते. दिवाळीनंतरही देत होते, पण आता फळ्याजवळ उभे राहून, खडू हातात घेऊन, एकमेकांना. शिकलगारने कँटीनवाल्याच्या तोंडावर सिद्ध केलं की वडा दर महिन्याला दोन ग्रॅमने लहान होतोय. कँटीनवाल्याने त्याला महिनाभर उधार बंद केलं. तोडकर तर सुटलीच. आधी ती मान खाली घालून बसायची; आता कुणी फळ्यावर काही लिहिलं की तिचा हात वर.

आणि एके दिवशी तो हात रणनवरे सरांच्या तासाला वर गेला.

“सर, हे कशावरून?”

सर थांबले. विनोदाची जागा नव्हती ती. त्यांनी वहीत पाहिलं. पान मागे उलटलं, पुढे उलटलं. आम्ही आमच्या अठ्ठ्याहत्तरच्या प्रतीत पाहिलं. तिथेही काही नव्हतं. हे वाक्य तिथे सोळा वर्षं कुणाच्याही आधाराशिवाय उभं होतं.

“पुढे येईल,” सर म्हणाले.

“पुढे नाही सर,” मागून कुणीतरी म्हणालं, “पुढे पाहिलं.”

आणि वर्ग हसला. वहीत ‘येथे हशा’ नसताना वर्ग हसण्याची विभागाच्या इतिहासातली ती पहिली वेळ असावी. सरही किंचित हसले. ठकार बाईंची नोकरी त्या दिवशी गेली. मार्च यायचा होता, एवढंच.

फेब्रुवारीत सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. विद्यार्थ्याला चहा म्हणजे काहीतरी गंभीर असतं.

“मगदूम, घरी कोण कोण आहे?”

“आई, वडील, सर. थोडी शेती आहे.”

“वडिलांची काय इच्छा?”

“प्रोफेसर व्हावं म्हणतात.”

“रास्त आहे.” सरांनी बशीत चहा ओतला. “परवा पालक येऊन गेले दोन-तीन. मुलांचं नुकसान होतंय म्हणाले. नोट्स नाहीत, पोर्शन पुरा नाही, मुलं स्टँडवर हिंडतात. मी काही बोललो नाही. मी बोलणं बरं दिसत नाही. पण मुलांची भावना कुठंतरी कागदावर यायला हवी. काय?”

“हो, सर.”

“नुसतं भावनेनं भागत नाही हल्ली. आकडे लागतात. तुला ते जमतं असं ऐकलं.” सर फुर्रकन चहा प्याले. “जूनमध्ये विभागात तासिका तत्त्वावर एक जागा काढतोय. पुढं ती वाढते. आपला माणूस असावा असं वाटतं.”

मी विचार करायला वेळ मागितला. सरांनी बशी संपेपर्यंतचा दिला.

एक गोष्ट इथे नोंदवून ठेवतो. तो कागद लिहिताना मला मजा आली. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी नीट येत होतं आणि ते मी करत होतो. अंतर्गत चाचणीचे गुण लागतील तोच दिवस मी निवडला. बाईंच्या चाचणीत पुस्तक उघडून लिहायची मुभा असे, त्यामुळे निकाल भीषण लागे. चाळीसपैकी सर्वांत जास्त चोवीस, तोडकरला. मला एकोणीस. फलकाजवळून लोक थेट कँटीनमध्ये आले आणि मी तिथे छापील फॉर्म घेऊन बसलो होतो.

प्रश्न तीनच. ‘परीक्षेच्या दृष्टीने पुरेशा नोट्स मिळाल्या का?’ कशा मिळतील? ‘सर्व उत्तरे शिक्षकांकडून मिळाली का?’ एकही नाही. ‘आपल्या गुणांबाबत आपण समाधानी आहात का?’ या प्रश्नाला जगात आजवर कुणी हो म्हटलेलं नाही.

“हे कशाला?” शिकलगारने विचारलं. त्याला चाळीसपैकी अकरा होते.

“विभागाला द्यायचंय. सुधारणा व्हाव्यात म्हणून.”

“बाईंना काही होणार नाही ना?”

“काय होणार? कागद तर आहे.”

त्याने फॉर्म भरला, शेवटी ‘तरी मजा येते’ असं लिहिलं. त्यासाठी फॉर्मवर रकाना नव्हता, म्हणून मी ते मोजलं नाही.

तोडकर माझ्या समोरून गेली, पहिल्या टेबलावर बसली, डबा उघडला. मी फॉर्मचा गठ्ठा मांडीवर घेतला. तिच्याकडे गेलो नाही. तास संपला की ती एसटी गाठायला पळे, कँटीनमधलं बोलणं तिच्यापर्यंत पोचत नसे.

एकवीस फॉर्म जमले. ‘शंभर टक्के विद्यार्थ्यांच्या मते’ अशी सुरुवात केली. दोन तक्ते, एक आलेख. बाजारातल्या टायपिस्टकडून टाईप करून घेतलं, म्हणजे माझे सात दिसायला नकोत. खाली एकवीस सह्या घेतल्या. मी सही केली नाही. मी लेखक होतो, विद्यार्थी म्हणून मला काही म्हणायचं नव्हतं, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण एवढंच की बाईंनी त्या यादीत माझं नाव वाचू नये.

हाच माझा मूर्खपणा. कारण त्या कागदावरून विद्यापीठाने नेमलेल्या चौकशी समितीत एक नियमाचे पक्के गृहस्थ निघाले. ते म्हणाले, वर्गात तेवीस आहेत, सह्या एकवीस. सही न करणारे दोघे बाईंच्या बाजूचे दिसतात. नैसर्गिक न्यायाला धरून त्यांनाही ऐकायला हवं.

अशा रीतीने ठकार बाईंच्या बाजूचा साक्षीदार म्हणून मला बोलावणं आलं.

समिती कुलसचिवांच्या शेजारच्या खोलीत बसली होती. बाहेर बाकावर मी आणि तोडकर. तिने इस्त्रीची साडी नेसली होती आणि हातात एक कागद होता, मुद्दे लिहिलेला.

“मला वाटलेलं मी एकटीच आहे,” ती म्हणाली. “तू सही केली नाहीस हे कळल्यावर बरं वाटलं, धनपाल.”

वर्षभरात तिने माझं पहिलं नाव पहिल्यांदाच घेतलं होतं.

“हं,” मी म्हणालो.

“मला कुणी फॉर्म दिलाच नाही. दिला असता तर मागं पुढं भरून लिहिलं असतं. कुणी केलं असेल रे हे?”

“माहीत नाही.”

तिला आधी बोलावलं. ती वीस मिनिटं आत होती. दाराला कान लावण्याइतका मी खाली गेलो नव्हतो, पण दार जाड होतं हेही खरं. बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

“सगळं सांगितलं,” ती म्हणाली. “जा. बाई आतच आहेत.”

आत टेबलापलीकडे तिघे. बाजूला रणनवरे सर, निमंत्रित म्हणून. दुसऱ्या बाजूला ठकार बाई. त्यांच्यासमोर माझा कागद होता. त्या तो वाचत होत्या, आणि लाल पेन्सिल हातात होती. सवयच ती.

“मगदूम,” अध्यक्ष म्हणाले, “तुम्ही या निवेदनावर सही केलेली नाही.”

“नाही, सर.”

“म्हणजे तुमची तक्रार नाही.”

मी रणनवरे सरांकडे पाहिलं. सर बशीतली बिस्किटं एकावर एक रचत होते.

बाईंनी मान वर केली. “मी एक विचारू का?” त्या अध्यक्षांना म्हणाल्या. “काम चांगलं झालंय हे. दिवस नेमका निवडलाय, प्रश्न नेमके बांधलेत. फक्त एक समजत नाही.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज नेहमीचाच होता, फळ्याजवळचा. “कोणाला विचारलं नाही?”

“तेच तर विचारतोय आम्ही,” अध्यक्ष म्हणाले. “हा मुलगा आलाय ना आता. बोला मगदूम, या बाईंच्या शिकवण्याबद्दल तुमचं मत काय?”

मला मत होतं. एसटीच्या दांडीला लोंबकळणारा माणूस होता, पाण्याच्या टाकीची चक्कर होती. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. आकडेवारी खोटी नाही पण अपुरी आहे, एवढं जरी म्हटलं असतं तरी नियमाच्या गृहस्थांनी ते लिहून घेतलं असतं. एकवीस विरुद्ध दोन वेगळं, एकवीस विरुद्ध एक वेगळं. एकटा माणूस नेहमी विक्षिप्त ठरतो.

“माहीत नाही,” मी म्हणालो.

आणि सवयीने थांबलो, बाई ‘छान’ म्हणतील म्हणून.

त्यांनी मान खाली घातली आणि माझ्या आलेखाजवळ काहीतरी खूण केली.

बाहेर तोडकर उभी होती. “काय सांगितलंस?”

“तेच. तुझ्यासारखंच.”

तिने माझा दंड धरून दाबला. लहान गावातली मुलगी होती, व्हरांड्यात शिपाई बघत होता, तरी.

मार्चमध्ये बाईंना कायम केलं नाही. पत्रात कारण होतं, ‘विद्यार्थ्यांचा शंभर टक्के प्रतिकूल अभिप्राय’. तोडकरच्या वीस मिनिटांची त्यात नोंद नव्हती. बाईंचा पेपर रणनवरे सरांनी स्वतःकडे घेतला आणि नोट्स सांगायला सुरुवात केली.

“मिळाल्या लगा नोट्स?” शिकलगार म्हणाला. नंतर तो माझ्या शेजारी बसला नाही. त्याला काही कळलं होतं की स्वतःच्या सहीची लाज वाटत होती, ते मी विचारलं नाही.

जूनमध्ये मी नवा शर्ट घालून सरांच्या केबिनमध्ये गेलो. या वेळी चहा नव्हता. शेजारच्या खुर्चीवर एक तरुण बसला होता, पायात चकचकीत बूट.

“हे आमचे नवे सहकारी,” सर म्हणाले. ते सरांच्या साडूंचे चिरंजीव आहेत, हे मला शिपायाने जिन्यात सांगितलं. तो तरुण बाहेर गेल्यावर सर म्हणाले, “मगदूम, रागावू नकोस. तू हुशार आहेस. कागद फार उत्तम केला होतास. मी दोनदा वाचला.”

“सर, तुम्ही म्हणाला होता की...”

“म्हणालो होतो. पण मग विचार केला. आज त्यांच्यावर असा कागद केलास. उद्या माझ्यावर करायला तुला किती वेळ लागेल?”

यात चूक काढता आली नाही. मी बराच प्रयत्न केला. सरांच्या तोंडून ऐकलेलं ते एकमेव वाक्य, जे त्या वहीत नव्हतं आणि ज्याला पुरावाही होता.

दुसऱ्या वर्षी पदवी मिळाली. जिल्ह्याच्या सांख्यिकी कार्यालयात चिकटलो. वडिलांनी गावात सांगितलं, प्रोफेसरपेक्षा मोठी जागा आहे, सगळ्या जिल्ह्याचे आकडे याच्या हातात. शेवटचा दाखला घ्यायला विभागात गेलो तेव्हा शिपायाने कपाटातून एक फाइल काढून दिली. “तुमचीच राहिली. बाकीच्यांनी नेल्या कधीच्या. ठकार मॅडम जाताना गुण भरून गेल्यात.”

बाईंच्या विषयात वर्षभरात पाच कामं करायची होती, प्रत्येकी दहा गुणांची. मी चारच दिली होती. पाचवं निवेदनाच्या धांदलीत राहिलं. पण गुणपत्रिकेत मला पाचव्याचेही गुण होते. कसे, ते मी विचारलं नव्हतं. मिळालेल्या गुणांचा उगम कुणी शोधत नाही.

फाइलमध्ये चार कामं होती आणि पाचव्या जागी निवेदनाची प्रत. लाल पेन्सिलने तपासलेली. आलेखाच्या उभ्या अक्षाला एकक नाही, तिथे खूण. ‘समाधानी आहात का’खाली रेघ, आणि ‘उत्तर प्रश्नातच दिलेलं आहे’. ‘शंभर टक्के’ला गोल केलेला. आणि शेवटी:

‘आठ. मांडणी उत्कृष्ट. दोन गुण कापले, कारण दोन जण राहिले. त्यांना विचारून पुन्हा सादर कर.’

ही फाइल मी प्रत्येक बदलीला बरोबर नेली. पुन्हा उघडली नाही. गेल्या महिन्यात तोडकरचा नंबर मिळाला. ती एका कॉलेजात विभागप्रमुख आहे, मुलं तिला घाबरतात म्हणे. मी फोन केला. हवापाण्याचं झालं. मग मी सांगितलं, सगळं. फॉर्म, टायपिस्ट, चहाची बशी, आणि त्या खोलीत काय म्हणालो ते.



“मी बाईंना स्टँडवर सोडायला गेले होते,” मग ती म्हणाली. “त्यांना म्हटलं, मॅडम, आम्ही दोघं तरी खरं बोललो. दोघं म्हटलं मी.”

“काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, गाडीला किती वेळ आहे ते विचारून ये.”

मी म्हणालो, “मला तुझं मत हवंय. फॉर्मवरचं. तेव्हा विचारलं नव्हतं.”

“माझं मत त्यांना माहीत होतं. दुसऱ्याचं काय?”

“मला मजा यायची,” मी म्हणालो. “सगळ्यात जास्त मलाच यायची.”

“हे कधीपासून सांगायचं होतं तुला?”

“झाली असतील तीसेक वर्षं.”

पलीकडे घंटा झाली, तिच्या तासाची असावी.

“तीसेक,” ती म्हणाली. “म्हणजे हा आकडा तरी घरी बसून केलेला नाहीस.”

आणि तिने फोन ठेवला.